झिनोवीचा नेम

झिनोवी मार्केलिच उठला की मग कोंबडे आरवतात, असं आमच्या गावात थट्टेनं म्हणायचे. सरोवरावरचं धुकं अजून जागचं हललेलं नसायचं, आणि हा माणूस तोंड धुऊन, दाढी विंचरून, सदऱ्यावरून कमरेला पट्टा आवळून देवाच्या कोपऱ्यापुढे उभा. हातात आजोबांची कातड्याची जपमाळ. दोन बोटं जोडून क्रूसाची खूण करायची, गुडघे टेकून कपाळ भुईला लावायचं, पुन्हा उभं राहायचं. हात धुळीला लागू नयेत म्हणून पुढ्यात शिवलेली चौकोनी गादी असायची. सत्तरी ओलांडल्यावर त्याचे गुडघे कुरकुरायला लागले, पण तोंड कधी कुरकुरलं नाही. हे सगळं पुरं होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

आणि पाणी तरी साधं का प्यायचा? बादलीवर झाकण हवं, पेल्यावर क्रूसाची खूण हवी, आणि पेला आपलाच हवा. आमच्यात परक्यांसाठी भांडी वेगळी ठेवतात. आपल्यातलाच कुणी बाहेर जगात मिसळला, भलत्याच्या ताटात जेवला, की त्याच्याही नशिबी तीच भांडी. उमेदीच्या वर्षांत झिनोवी सरकारी मच्छीमार संघाच्या बोटीवर होता. तिथे बाकीचे एका पातेल्यातलं कालवण ओरपायचे आणि हा खिशातून आपला लाकडी चमचा काढून बाजूला वाळका पाव चावत बसायचा. "काय हो संत झिनोवी, मासा तरी आमच्याच जाळ्यातला चालतो ना?" असं कुणी ना कुणी रोज म्हणायचं. तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. बुधवारी आणि शुक्रवारी दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. तापानं फणफणला असताना डॉक्टरनं दूध प्यायला सांगितलं, तर यानं वार विचारला.

आमच्यात पाद्री नसतो. फार पूर्वी रीतीवरून भांडण झालं, आमचे वाडवडील जुनी रीत छातीशी धरून या पाणथळ काठावर पळून आले, आणि पाद्री तिकडेच राहिले. तेव्हापासून गावातलाच कुणी जाणता माणूस प्रार्थनाघरात पुढे उभा राहतो, जुनी अक्षरं वाचतो, बाळांना बाप्तिस्मा देतो, मेलेल्यांसाठी गातो. झिनोवीला ती अक्षरं आजोबांनी शिकवली होती, घर उबवणाऱ्या विटांच्या भट्टीच्या माथ्यावर बसवून आणि चुकला की कान पिळून. आधीचा वाचक वारला तेव्हा म्हातारा साव्वाती, जो गावात सगळ्यांत मोठा, त्यानं घरोघर विचारलं. ती अक्षरं येणारा झिनोवी एकटाच निघाला. त्याच्या अंगावर काळा झगा चढला तो चढलाच.

त्याचं म्हणणं सोपं होतं. प्रवचन असं त्यानं आयुष्यात दिलं नाही, पण कांद्याच्या वाफ्यावर ओणवा असताना बोलून जायचा. "विश्वास म्हणजे काय, तर हा वाफा. रोज खुरपलास तर कांदा, एक आठवडा आळस केलास तर गवत. देव काही वरून येऊन खुरपत नाही." हे खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण दिवसरात्र खुरपं हातात धरलेल्या माणसाला हळूहळू सगळीकडे गवतच दिसायला लागतं, आणि ते त्याच्या लक्षात येत नाही.

त्याची बायको उलीता. नेम तीही पाळायची, पण हसत हसत. तिच्या पदार्थाला हात लावावा की न लावावा असा प्रश्न पडलेल्या परक्याला ती आधी बसायला बाक द्यायची आणि मग पेला शोधायची. पहाटे नवऱ्याच्या कपाळाचा भुईवर ठक आवाज झाला की पांघरुणातून म्हणायची, "म्हाताऱ्या, देवाला जरा उजाडू तर दे." मूलबाळ नव्हतं. त्यामुळे शेजारच्या वास्साचा मुलगा कोंद्रात अर्धाअधिक हिच्याच घरात वाढला.

वास्सा झिनोवीच्याच वयाची, लहानपणापासूनची अरे-तुरेतली. नवरा लवकर गेला, पाय सुजायचे, चालणं कठीण. कोंद्रात शहरातल्या कारखान्यात कामाला लागला आणि तिकडचाच होऊन गेला. आमच्यात दाढीला वस्तरा लावणं पाप, आणि याचे गाल गुळगुळीत, बोटांना तंबाखूचा वास, जेवण कारखान्याच्या खानावळीत. पण शनिवारी न चुकता यायचा, आईचं पाणी भरायचा, मग न सांगता झिनोवीचंही भरायचा. उलीता त्याला परक्यांच्या पेल्यात चहा द्यायची. तो साखरेचा खडा दातात धरून म्हणायचा, "काकी, हा पेला माझ्याबरोबर पुरा हं. दुसरं कुणी वापरणार नाही." ती त्याला फडक्यानं मारायची. झिनोवी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण पोरगा वाफ्यातून पाण्याच्या बादल्या घेऊन यायला लागला की त्याची नजर त्याच्यावरून हलत नसे. तेवढं प्रेम त्याच्यात होतं. ते दाखवायची रीत मात्र त्याला कुणी शिकवली नव्हती.

एका मार्चमध्ये कोंद्रात बर्फाला भोकं पाडून मासे धरायला सरोवरावर गेला. बर्फ वरून पांढरा आणि आतून कुजलेला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत दोरी तशीच होती.

वास्सा काठी टेकत झिनोवीच्या दारात आली. "गाशील ना?" एवढंच तिनं विचारलं. ओट्यापाशी उलीता कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"वास्सा, तुला माहीत आहे," झिनोवी म्हणाला. "तो जगात मिसळलेला होता. एकदा, एकदाच येऊन 'चुकलं' म्हटलं असतं, तर मी आठवडाभर गायलो असतो त्याच्यासाठी."

"मेलेला कसा म्हणेल?"

"तेच तर. जिवंतपणी म्हणायचं असतं."

"तिशीतलं पोर, झिनोवी. त्याला काय ठाऊक मरायचंय ते."

"कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तर रोजचा नेम."

वास्सानं उलीताकडे बघितलं. उलीतानं कणकेकडे बघितलं. मग वास्सा गेली. कोंद्रातला दफनभूमीच्या कुंपणाच्या कडेला पुरलं, जिथं ज्यांच्यासाठी गायलं नाही ते लोक पुरतात. कारखान्यातले त्याचे सोबती टोप्या हातात घेऊन उभे राहिले, मातीवर थोडी दारू ओतली, आणि काय करायचं ते न कळून निघून गेले. त्या दिवसापासून वास्सा प्रार्थनाघरात आली नाही, आणि झिनोवीशी बोलायची वेळ आलीच तर त्याला "तुम्ही" म्हणू लागली. झिनोवीनं त्या संध्याकाळी लाकडाच्या छपरीत तोंडात बाही कोंबून रडून घेतलं. उलीतानं ते पाहिलं. तीही काही बोलली नाही. दोघांनीही तेव्हाच तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात उलीताच्या पोटात दुखू लागलं. आधी तिनं कांद्याच्या पातीवर ढकललं, मग म्हातारपणावर. खाल्लेलं उलटून पडायला लागलं तेव्हा तिला तार्तू शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. झिनोवीनं स्वच्छ फडक्यात तिचा वाडगा, तिचा चमचा, तिचा पेला बांधून दिला, आणि पिशवीभर वाळका पाव. "तिथलं काही घेऊ नकोस," तो म्हणाला. "मी बसनं येत जाईन. माशाचा रस्सा आणीन."

तो जायचा. रश्श्याची बरणी स्वेटरमध्ये गुंडाळून, मांडीवर बाळासारखी धरून. एकदा बसच बिघडली, मग वादळ झालं, मग कांदा काढायला आला, आणि मध्ये बरेच दिवस गेले. तो पुन्हा पोचला तेव्हा उलीता उशीला टेकून बसली होती, गालाला किंचित रंग आला होता. शेजारच्या खाटेवर एक जाडजूड एस्टोनियन बाई होती, हेल्मी नावाची, ती झिनोवीला बघून उगाच मान हलवत हसली.

"माझा हात उचलत नव्हता रे," उलीता म्हणाली. "वाडगा खाली पडून फुटला. तू आला नव्हतास. मग या हेल्मीनं आपल्या ताटलीतली लापशी आपल्याच चमच्यानं भरवली मला. रोज. स्वतःची निम्मी ठेवून. गोड असते यांची लापशी, साखर घालतात. तिला माझं बोलणं कळत नाही आणि मला तिचं. पण दोघी खूप हसलो."

बरणी झिनोवीच्या हातात तशीच राहिली. मग तो हळूच म्हणाला, "घरी आलीस की बघू. प्रायश्चित्त म्हणून थोडे जप देईन, थोडे नमस्कार. होईल सगळं नीट."

उलीता त्याच्याकडे बघतच राहिली. रागानं नाही. कुणीतरी आपलं नाव विसरलं की बघतो तसं.

डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं ते बरं झाल्यामुळे नाही, हे झिनोवीला सांगावं लागलं नाही. त्यानं तिला भट्टीजवळच्या खाटेवर निजवलं. तिला पाणी द्यायची वेळ आली तेव्हा तो फळीपाशी बराच वेळ उभा राहिला. नियम त्याला पाठ होता: जो जगात मिसळला त्यानं 'चुकलं' म्हणेपर्यंत भांडं वेगळं. लोकांच्या घरात त्यानं हेच सांगितलं होतं, हेच करायला लावलं होतं. त्यानं परक्यांचा पेला उचलला. त्यात पाणी ओतून तिच्या ओठांशी धरला.

"अरे वा," उलीता म्हणाली. "मला कोंद्रातचा पेला मिळाला."

त्यानंतर रोज पहाटे, आपला जप संपला की, तो तिच्या खाटेपाशी येऊन बसायचा. तिनं एक वाक्य म्हणायचं, बस. नमस्कार तिच्याच्यानं होणार नव्हते, ते तोच तिच्यासाठी घालणार होता, कपाळाचं कातडं निघेपर्यंत घातले असते त्यानं. तिनं 'मी मिसळले, मला क्षमा करा' एवढं म्हणायचं. ते न म्हणता ती गेली तर तिच्यासाठी गाता येणार नव्हतं. ज्याच्यासाठी गायलं जात नाही तो आत्मा न निरोप घेता, न वाट विचारता निघतो, असं झिनोवीला लहानपणापासून सांगितलेलं होतं आणि तो विश्वास त्याच्या हाडामासात भिनलेला होता.

"म्हण ना, उलीता."

"काय म्हणू?"

"तुला माहीत आहे."

"त्या बाईनं मला भरवलं ते पाप झालं, असं म्हणू? म्हाताऱ्या, तिनं स्वतःच्या तोंडातला घास दिला मला. मी त्याबद्दल देवापाशी माफी मागितली तर देवच मला बाहेर काढेल."

"नियम मी केलेला नाही."

"नाही केलास. पाळलास मात्र तूच." ती दमली, डोळे मिटून पडली. मग डोळे न उघडता म्हणाली, "एक गोष्ट आहे, तिची क्षमा मला मागायचीय. वास्सा दारात उभी होती आणि मी कणीक मळत राहिले. मला वाटत होतं की तू गावंस. ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी गप्प बसले. त्याची शिक्षा दे मला. ती घेते मी, आनंदानं."

ही क्षमा द्यायची म्हणजे उलीताचं गप्प बसणं पाप होतं असं मान्य करायचं. आणि गप्प बसणं पाप असेल, तर ज्यामुळे ती गप्प बसली ते काय होतं?

"ते पाप नव्हे," तो म्हणाला.

"मग माझ्यापाशी दुसरं नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

असं कितीतरी सकाळी चाललं. तो विनवायचा, ती तेच मागायची, तो तेच नाकारायचा. शेवटी शेवटी ती बोलेनाशी झाली, नुसता हात त्याच्या दाढीवरून फिरवायची. एक दिवस दुपारी, बाहेर अंगणात बायका सुकलेल्या कांद्यांच्या वेण्या घालत होत्या, त्यांचं हसणं खिडकीतून आत येत होतं, आणि झिनोवी लाकडं आणायला गेला होता. परत आला तोवर ती गेली होती. तोंड किंचित उघडं होतं. म्हणायचं ते राहिलं, की म्हणून झालं होतं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं.

गावात बातमी पसरली, आणि बातमीबरोबर प्रश्नही. आता झिनोवी काय करतो? काही तोंडं वाईटही होती. "दुसऱ्याच्या पोराला नियम आणि घरातल्या बाईला गाणं, बघाच तुम्ही," असं विहिरीपाशी एक जण म्हणाली. बरेच जण मात्र हळहळले. साव्वाती स्वतः आला, मृत बाईपुढे वाकला, आणि झिनोवीला बाजूला घेऊन म्हणाला, "गाऊन टाक. आजारपणात खाल्लं बिचारीनं. नेमाची बाई होती. आम्ही कुणी काही बोलणार नाही."

"आणि कोंद्रात?"

"त्याचं वेगळं. त्यानं खुशीनं दाढी केली होती."

"म्हणजे आपल्याला आवडेल त्याच्यासाठी गायचं?"

साव्वातीला ते आवडलं नाही. "मी तुला वाट काढून देतोय, झिनोवी. वाद घालत बसू नकोस."

झिनोवीनं मान हलवली. नाही. नियम सगळ्यांना सारखा. तिला न गाताच पुरायचं. हे म्हणताना त्याचा आवाज ठाम होता. आणि खरं सांगायचं तर या ठामपणात एक आडोसाही होता. त्यानं उलीताला तसंच पाठवलं की कोंद्रातच्या बाबतीत तो चुकला नव्हता हे सिद्ध होणार होतं. स्वतःची बायको देऊन तो ते विकत घेत होता.

मग वास्सा आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या उंबऱ्यावर. सुजलेले पाय ओढत, एका हातात काठी, दुसऱ्यात कोमट पाण्याचं भांडं. उलीताला आंघोळ घालायला. ते तिनं नीट, सावकाश केलं, केस विंचरले, डोक्याला रुमाल बांधून हनुवटीखाली टाचणी लावली. मग बाकावर बसली.

"न गाता पुरणार आहात म्हणे."

"नियम सगळ्यांना सारखा, वास्सा. तुला तरी असं म्हणता येणार नाही की मी..."

"अस्सं. म्हणजे हे माझ्यासाठी चाललंय." तिची काठी जमिनीवर आपटली आणि तुम्ही-बिम्ही सगळं गळून पडलं. "माझ्या पोराला कुत्र्यासारखं पुरलंस. आता हिलाही पुरणार. मग लोक म्हणणार, काय माणूस आहे, स्वतःच्या बायकोलाही सोडलं नाही! आणि मी म्हणायचं, हो बाई, न्याय झाला. मी नाही म्हणणार, झिनोवी. माझं पोर तुझ्या मोठेपणाची पायरी नाही. ही त्याला आपल्या हातानं चहा द्यायची. हिला मुक्यानं पाठवून त्याला काय मिळणार आहे? एकाच्या जागी दोघं जातील, एवढंच."

"मग मी काय करू?"

"मला विचारतोस? रोज पहाटे एवढं कपाळ आपटून कुणाशी बोलतोस मग? त्यालाच विचार."

ती उठून गेली. झिनोवी देवाच्या कोपऱ्यापुढे उभा राहिला. दुपारच्या वेळी, जपाची वेळ नसताना तो तिथं उभा राहिल्याचं हे आयुष्यातलं पहिलंच. गादी घेतली नाही, माळ घेतली नाही. त्यानं विचारलं. उत्तर आलं नाही. इतकी वर्षं तो पाठ केलेलं म्हणत आला होता, आणि आज त्याच्यापाशी पाठ केलेलं काही नव्हतं. उरलं होतं फक्त उलीताचं एक वाक्य, जे त्यानं रोज सकाळी नाकारलं होतं. ते त्यानं मोठ्यानं म्हटलं, स्वतःच्या नावानं. "वास्सा दारात उभी होती." मग गादीवाचूनच त्यानं कपाळ भुईला लावलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर भरलेलं होतं. शवपेटी मध्यभागी. झिनोवी काळा झगा घालून पुढे आला आणि लोकांना कळलं की तो गाणार. बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याचा आवाज जुना, खरखरीत, पण त्या लांबलचक चालींना तोच सरावलेला. मग ती जागा आली जिथं मेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. तो थांबला. मग त्यानं गायलं, "तुझा दास कोंद्रात आणि तुझी दासी उलीता."

मागे कुणीतरी हुंदका दिला. साव्वातीनं टोपी डोक्यावर चढवली, तिथंच, आत, आणि बाहेर चालता झाला. त्याच्यामागे आणखी काही जण. झिनोवीनं मागे वळून पाहिलं नाही. पुढे जिथं जिथं नाव आलं तिथं तिथं त्यानं दोन्ही नावं घेतली, आणि शेवटपर्यंत गायला.

त्यानंतर कुणी सांगायच्या आत त्यानं झगा काढून खुंटीला अडकवला. मिसळलेल्यासाठी जो गातो तो स्वतः दोषी, आणि दोषी माणसानं पुढे उभं राहायचं नाही, हाही नियमच. तो मोडायचं त्याच्या मनातही आलं नाही. दाराजवळ, जिथं परके उभे राहतात, तिथं तो उभा राहू लागला. पण ती अक्षरं वाचणारा दुसरा कुणी नव्हताच. तेव्हापासून आमच्या प्रार्थनाघरात कुणी वाचत नाही, कुणी गात नाही. म्हातारी माणसं येतात, आपापली माळ ओढतात, घरी जातात. हिवाळ्यात दोघं गेले, दोघांनाही गाण्यावाचून पुरलं. झिनोवीनं गावाचं वाटोळं केलं, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, "हो."

दोषी माणसाला शिक्षा कुणीतरी वडीलधाऱ्यानं द्यावी लागते, त्याशिवाय ती फिटत नाही. साव्वाती त्याच्याशी बोलेना. तेव्हा झिनोवी वास्साकडे गेला. ती जमिनीवर पाय पसरून कांद्याच्या वेण्या घालत होती. त्यानं तिच्यापुढे गुडघे टेकले, कपाळ भुईला लावलं. "ख्रिस्तासाठी मला क्षमा कर."

यावर आमच्यात एकच उत्तर असतं: देव क्षमा करील. ते न देणं फार वाईट समजतात.

"देव करील," वास्सा म्हणाली. "त्याचं मन मोठं आहे. माझं मला माहीत नाही अजून."

"मग शिक्षा दे. तू देशील ती."

तिनं हातातली वेणी पुरी केली, गाठ मारली, बाजूला ठेवली. "कोंद्रातकडे जात जा. रोज पहाटे. तुझ्या त्या जपाच्या आधी. काही गायचं नाही, वाचायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि सरोवर आज कसं आहे ते त्याला सांगायचं. त्याला आवडायचं ते."

"कधीपर्यंत?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

तेव्हापासून झिनोवी रोज जातो. कोंबडे आरवायच्या आधी, वास्साच्या खिडकीवरून, कुंपणाच्या कडेच्या त्या थडग्यापाशी. पाऊस असो, हाडं गोठवणारा वारा असो. सुरुवातीला सरोवराबद्दल काय सांगावं हे त्याला सुचायचं नाही. "शांत आहे," म्हणायचा आणि खोळंबून उभा राहायचा. आता बराच वेळ बोलतो. वारा कुठला, बर्फ कुठं पातळ आहे, कुणाच्या होडीला गळती लागली. मग पलीकडच्या ओळीत उलीतापाशी जातो, मग घरी येऊन आपल्या कोपऱ्यापुढे उभा राहतो. जपाला आता वेळ लागतो. मध्येच थांबतो, ऐकल्यासारखं करतो.

या जानेवारीत तो त्या वाटेवर घसरून पडला, कंबर धरली. दुसऱ्या दिवशी दोन काठ्या घेऊन निघाला. वास्साला आता घराबाहेर पडता येत नाही, पाय पार गेले. ती खिडकीशी बसून त्याला जाताना बघते. टपाल घेऊन आलेल्या बाईला ते बघवेना. "आता तरी पुरे म्हण गं, वास्सा," ती म्हणाली. "माणूस मरेल अशानं."

वास्सा काचेवरचा बर्फ नखानं खरवडत राहिली. दोन काठ्यांवरची ती काळी आकृती कुंपणापाशी पोचेपर्यंत तिनं नजर हलवली नाही.

"म्हणेन की," ती म्हणाली. "पण मी पुरे म्हटलं, तर उद्यापासून तो यायचा नाही. मग माझ्या पोरापाशी कोण जाईल?"